बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत

किल्ली कुलपात घालायच्या आधीच तिला आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला. आधी वाटलं, रेडिओ. मग वाटलं, कुणी दुरुस्तीवाला असेल, नळाचा नाहीतर गिझरचा, आणि कामाच्या मावशीने न विचारता घरात घेतला असेल. त्यावर काय बोलायचं ते वाक्यही तिच्या तोंडात तयार झालं. तेवढ्यात आवाज म्हणाला, "अगं पोरी, वरून ओली दिसते म्हणून काय झालं? बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालायचं, तिथे कोरडं लागलं तरच पाणी. ही सकाळ-संध्याकाळ बुडवून मारते त्यांना. मुळांना काय श्वास नको?" मावशी खळखळून हसली. आवाजही हसला, थोडा नाकातून, शेवटी खोकल्यात संपणारं हसू. ते हसू तिने ओळखलं, आणि किल्ली धरलेला हात तसाच कुलपासमोर राहिला. सात महिन्यांत तिच्या वडिलांनी, अण्णांनी, एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

दुपारचे सव्वादोन वाजले होते. या वेळी ती कधीच घरी नसे. हॉस्पिटलातलं एक्स-रेचं मशीन अकराच्या सुमारास बंद पडलं होतं, कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला होता, बाहेर बाकावर बसलेले मोडके हात-पाय दुसरीकडे पाठवून झाल्यावर तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. येताना तिने अण्णांसाठी मऊ पाव घेतला होता. तो काखेत दाबला गेला होता. आत मावशीने काहीतरी विचारलं आणि अण्णा सांगू लागले, कसलं तरी फुटव्यांचं, संथपणे, मध्ये थांबत, पुढचा शब्द शोधावा लागत नाही अशा माणसासारखं. ती दारापासून मागे सरली. पायातल्या चपलांचा आवाज होऊ नये म्हणून तळवे उचलून ठेवत अर्धा जिना उतरली आणि पायरीवर बसली. आपण आपल्याच घरासमोरून चोरासारखं का पळालो, हे तिला कळेना. आत जाऊन म्हणायला हवं होतं, अण्णा, बोलताय तुम्ही! आनंदाने. आनंदच व्हायला हवा होता. पायरीचा दगड थंडगार होता, आणि तिला तेवढंच कळत होतं.

अण्णा माळी होते. शहरातल्या मोठ्या बागेत पस्तीस वर्षं. बागेच्या मागच्या अंगाला, पंपाच्या खोलीशेजारी त्यांना राहायला दोन खोल्या होत्या, आणि ती तिथेच वाढली, खताच्या ढिगापासून वीस पावलांवर. तिसरीत असताना एका मुलीने तिच्या दप्तराचा वास घेतला आणि तिचं नाव शेणखत पडलं. पुढे शाळा बदलली, नाव बदललं नाही, ते पोरींबरोबर तिच्याआधीच त्या शाळेत पोचलं होतं. रविवारी वर्गातल्या मुली आईबापांबरोबर बागेत यायच्या तेव्हा अण्णा वाफ्यात उकिडवे बसलेले असायचे, खुरपं हातात, नखांत काळी माती, आणि तिला बघितलं की हाक मारायचे, सगळ्या बागेला ऐकू जाईल अशी. ती कारंज्यामागे लपायची. आई म्हणायची, तुझ्या बापाला दोनच गोष्टी येतात, झाडं वाढवणं आणि लोकांच्या चुका काढणं. ते खरंच होतं. कुणी झाडाला पाणी घालताना दिसलं की अण्णांना राहवत नसे; अनोळखी माणसाच्या फाटकापाशी थांबून सांगत, असं नव्हे, बुंध्याशी नको, जरा लांबून घाला. लोक कधी आभार मानत, कधी आत निघून जात. लांबून हे बघताना तिचे कान तापत. मोठी झाल्यावर तिने घरात एक झाड ठेवलं नाही. काम निवडलं तेही असं, की जिथे सगळं धुतलेलं, पुसलेलं, अंधारलेलं. माणसाच्या आतली पांढरी हाडं, ज्यांना वास नसतो. दिवसभर ती एकच वाक्य म्हणायची: श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. लग्न झालं, चार वर्षांत मोडलं. जाताना नवरा म्हणाला होता, तू मलासुद्धा काचेमागून बघतेस. यात चूक काय, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आई गेल्यावर अण्णा गावाच्या जुन्या टोकाला तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. मागे चार पावलांचं अंगण होतं. त्यात त्यांनी लावलं नव्हतं असं काही नव्हतं. गेल्या वर्षी त्या अंगणातच पाय घसरून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा फोटो तिनेच काढला होता. तिने सांगितलं, श्वास रोखा, अण्णा. त्यांनी शहाण्या मुलासारखा रोखला, आणि ती काचेमागे मोडलेली रेघ बघत राहिली, सोडा म्हणायचं विसरून. ऑपरेशननंतर ती त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन आली. ते यायला तयार नव्हते. ती म्हणाली, पंधरा दिवसांसाठी, अण्णा. चालायला लागलात की तुमच्या खोलीवर. पंधरा दिवस? असं त्यांनी दोनदा विचारलं आणि तिने दोनदा हो म्हटलं. त्याच संध्याकाळी ती आणि दादा फोनवर बोलले. दादा दुसऱ्या शहरात, त्याची बायको आजारी. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. पाच दिवसांनी तिने दोन हमाल घेऊन एका सकाळीत खोली रिकामी केली. अंगणात कुंड्या होत्या, डबे होते, फुटक्या बादल्या होत्या, चाळीसच्या वर. हमालांनी विचारलं, यांचं काय? ती शेजाऱ्यांना म्हणाली, न्या ज्याला हवं ते. पंधरा मिनिटांत अंगण मोकळं झालं. बायका एकमेकींच्या हातातून ओढून नेत होत्या.

सोळाव्या दिवशी सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन, काठी टेकून दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. "निघायचं ना?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, खोली सोडली, अण्णा. आता इथेच राहायचं. "कधी सोडली?" दहा-अकरा दिवस झाले. "आणि कुंड्या?" दिल्या. "कुणाला?" कुणाला दिल्या, ते तिला माहीतच नव्हतं. चेहरे आठवत नव्हते, फक्त हात आठवत होते. कुणाला, हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यानंतर त्यांनी जेवण नाकारलं नाही, औषध नाकारलं नाही, पायाचे व्यायाम केले, फक्त बोलणं बंद झालं. मान हलवणंही नाही. तिला आधी वाटलं, रुसलेत. एक आठवडा रुसण्याचा असतो, दोन आठवडे असतात. तीन आठवडे कोण रुसतं? चौथ्या आठवड्यात तिने ओळखीने त्यांच्या डोक्याचा स्कॅन करून घेतला, आणि पडद्यावर डावीकडे मसुराएवढा एक ठिपका दिसला. मेंदूच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "इथल्या ठिपक्याने बोलणं जायला नको खरं तर," ते म्हणाले. "पण सांगता येत नाही. या वयात काहीही होतं." तिने वाक्याचा दुसरा भाग घरी नेला. कुठल्याही माणसाने देवाला मानलं नसेल इतकं तिने त्या ठिपक्याला मानलं. दादाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मावशीला कामावर ठेवताना पहिल्याच दिवशी सांगितलं: त्यांना बोलता येत नाही, मेंदूत गाठ झाली होती रक्ताची. मावशी वयाने तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती अण्णांना सांभाळायची. गाठीचं ऐकून मावशी चुकचुकली होती.

आणि बाग. बाग कसली, पश्चिमेच्या गॅलरीतल्या सहा कुंड्या. वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी तीनदा येऊन गेली होती, आणि शेवटच्या वेळी म्हणाली होती, "त्यांना ज्यात गोडी आहे ते त्यांच्यासमोर करा. चुकीचं केलंत तर आणखी बरं. माणूस चूक दुरुस्त करायला तोंड उघडतो." वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा रोपवाटिकेत गेली. काय हवंय? असं विचारल्यावर ती म्हणाली, काहीही द्या. रोपवाल्याने टोमॅटोची दोन रोपं दिली, मिरचीची दोन, झेंडूचं एक, आणि धण्यांची पुडी. मातीचं पोतं रिक्षात टाकून दिलं. त्या दुपारी तिने गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं, हातमोजे घातले, हॉस्पिटलातले, पांढरे. खुर्ची मुद्दाम गॅलरीच्या दारात लावून अण्णांना त्यात बसवलं होतं. मोजे दहा मिनिटांत फाटले. मग उघड्या हातांनी तिने माती घेतली, आणि तो वास आला, दप्तराचा, पंपाच्या खोलीचा, अण्णांच्या मानेचा. ती ओंजळीने कुंडी भरत राहिली. तिने ठरवून चुका करायचं योजलं होतं. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की ठरवण्याची गरज नाही, जे ती बरोबर समजून करत होती तेही चुकतच होतं. कुंडीखालची भोकं तिने माती गळू नये म्हणून चिकटपट्टीने बंद केली. खत भाजीत मीठ घालावं तसं रोज चिमूटभर घातलं. धणे अख्खेच पेरले, ते महिनाभर मातीत आपले पडून राहिले. एकदा टोमॅटोचं रोप देठाला धरून उपटताना तिने वर बघितलं, तर अण्णांचा उजवा हात खुर्चीवरून वीतभर उचलला गेला होता. मग तो परत खाली बसला. त्या वीतभरावर ती तीन आठवडे जगली. दादाला फोन करून म्हणाली, हात उचलला! तो म्हणाला, छान.

पण नकळत दुसरंही काही झालं होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी जाग आली की ती आधी गॅलरीत जायची. टोमॅटोचं एखादं पान पिवळं दिसलं की तो पिवळेपणा दिवसभर कामावर बरोबर यायचा. कुणाच्या फुफ्फुसाचा फोटो बघताना त्यातल्या फांद्या तिला फांद्या वाटायच्या. संध्याकाळी नखं घासताना ती पूर्ण घासत नसे. मिरचीचं एक रोप मान टाकून गेलं तेव्हा तिने त्याला आणखी पाणी घातलं, मग आणखी, आणि चौथ्या दिवशी ते उपटलं तर मुळांच्या जागी काळा, बोटांत विरघळणारा चिकट गोळा हातात आला. तिने तो अण्णांसमोर धरला होता. "बघा ना, अण्णा, काय झालं हे?" अण्णांनी बघितलं होतं. सगळं ठाऊक असलेल्या माणसाने बघावं तसं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीला सांगितलं असणार, काय झालं ते. नीट, समजावून. हसत.

खालून शेजारीण भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत आली. "काय हो, इथे बसलात? किल्ली विसरलात?"

"हो," ती म्हणाली.

"अहो, मग बेल वाजवा की. मावशी आहे ना घरात."

ती उठली. दारापाशी जाऊन तिने बेल वाजवली, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची. आतला आवाज सुरी फिरवल्यासारखा तुटला. मावशीने दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. "ताई? लवकर?" मशीन बंद पडलं, असं म्हणत ती आत आली. अण्णा गॅलरीच्या दारात खुर्चीवर होते, ओठ मिटलेले. किती नीट मिटलेले, हे तिने इतक्या महिन्यांत पाहिलं नव्हतं. सैल, लोंबते नव्हते ते, आजारी माणसाचे नव्हते. कपाटाचं दार बसावं तसे बसले होते. तिने पाव टेबलावर ठेवला. "तुमच्यासाठी आणलाय, अण्णा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच आला.

सहा वाजता मावशी निघाली तेव्हा दूध आणायचं निमित्त काढून तीही बरोबर उतरली. पहिल्या मजल्यावर आल्यावर म्हणाली, "मावशी, अण्णा तुझ्याशी बोलतात?"

मावशी थांबली. "म्हणजे?"

"कधीपासून बोलतात?"

"असं काय विचारता, ताई? झाले की दोन-अडीच महिने. आधी नव्हते बोलत. मग एकदा मी कुंड्यांना पाणी घालायला गेले तर म्हणाले, नको घालूस, तिने घातलंय. मी तर घाबरलेच. मग मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. रात्री बोलत असाल तुम्ही दोघं." बोलता बोलता मावशीचा चेहरा बदलत गेला. "तुमच्याशी नाही बोलत?"

"बोलतात," ती म्हणाली. "कमी." आणि मग, स्वतःला अडवायच्या आत, "माझ्याबद्दल काय म्हणतात?"

मावशी विचार करू लागली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "तुमच्याबद्दल असं काही नाही म्हणत. झाडांबद्दलच बोलतात. तुमच्या आईंबद्दल बोलतात कधीकधी. बागेतल्या कारंज्याबद्दल. तुमच्याबद्दल... नाही हो. काहीच नाही."

शिव्या दिल्या असत्या तरी तिला त्या घरी नेता आल्या असत्या.

तिने काही उघड केलं नाही. उघड करून काय करायचं, हे ठरत नव्हतं. त्या रात्री ती कूस बदलत राहिली, पण मनात राग येईना, रागाच्या जागी नुसती एक मोकळी जागा होती, दात पडल्यावर जीभ सारखी तिथे जावी तशी. आणि सकाळी मावशी आल्यावर तिने स्वयंपाकघरात हलक्या आवाजात विचारलं, टोमॅटोची खालची पानं पिवळी का पडतात, ते विचारशील? तू विचारतेस असं विचार. संध्याकाळी जिन्यात मावशीने उत्तर आणलं: खालची पानं काढून टाकायची, माती लागते त्यांना, आणि कुंडीखाली भोक आहे का बघ म्हणाले. तिने चिकटपट्टी फाडली. तळातून घाणेरडं पाणी वाहिलं, दोन दिवस वाहत राहिलं. मग रोजच सुरू झालं. सकाळी प्रश्न, संध्याकाळी उत्तर. धणे कसे पेरायचे? चपलेने रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे. मिरचीला फुटवे का नाहीत? शेंडा खुडायचा, जीव जाईल असं वाटतं पण जात नाही. पानामागे पांढरं काय आलंय? पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्याने पुसायचे, मागून, एकेक. जिन्यात उभी राहून ती हे लिहून घ्यायची, हॉस्पिटलच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर. मावशीच्या तोंडून येताना अण्णांचे शब्द अण्णांच्याच चालीने येत, "अगं" सकट. ते "अगं" मावशीला होतं हे विसरायला तिला फारसा वेळ लागायचा नाही. कोथिंबीर उगवली, केसासारखी बारीक, वाकलेली, डोक्यावर धण्याचं साल घेऊन. मिरचीने चार फांद्या काढल्या. या सगळ्या दिवसांत अण्णा खुर्चीतून बघत होते आणि ती त्यांच्याकडे पाठ करून काम करायची. पाठीला वाटायचं, आपण दोघं बोलतो आहोत. पन्नास वर्षांत बोललो नाही इतकं.

मग एका रविवारी तिच्या हातून ते झालं. पाण्याचा मग घेऊन ती टोमॅटोच्या कुंडीपाशी वाकली, आणि सवयीने, आता ती सवयच झाली होती, पहिलं बोट मातीत घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत. जरा थांबली. आत ओल लागली. पाण्याचा मग तसाच भरलेला बाजूला ठेवून ती वळली, तर अण्णा तिच्या बोटाकडे बघत होते. मातीचा रंग पेरावर स्पष्ट रेघेसारखा थांबला होता. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे मावशी रविवार असल्यामुळे नव्हती. त्यांचा चेहरा तिने एकदाच असा पाहिला होता, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा. मग त्यांनी डोळे मिटले.

सोमवारी संध्याकाळी मावशी जिन्यात रिकाम्या हातांनी आली. मंगळवारीही. बुधवारी तिचे डोळे सुजले होते. "ताई, माझ्याशीपण नाही बोलत आता. मी विचारलं तर नुसतं बघतात. माझं काही चुकलं का? तुम्ही सांगितलंत का त्यांना काही?"

"नाही," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही."

हे खरंच होतं. ती नुसती बोट घालून उभी राहिली होती. अण्णांची एक खोली तिने सोडली होती, तेव्हा निदान किल्ली परत करावी लागली होती. ही दुसरी, मावशीबरोबरची, दुपारची, तिने न शिरताच मोडली. घरात आता दिवसाही आवाज नव्हता. मावशी भांडी हळू ठेवायची. कामावर ती लोकांना श्वास रोखा म्हणायची आणि नंतरच्या सेकंदभराच्या शांततेत तिला घर आठवायचं. एका म्हाताऱ्याने काचेपलीकडून हात हलवला, बाई, सोडू का?

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी, शनिवारी, मावशीला सुट्टी देऊन ती सकाळी अण्णांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसली. बोलायचं काय ते तिने ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर ते गेलं. "अण्णा, पंधरा दिवस असं मी म्हणाले तेव्हाच मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गाडीत तुमचा पाय उचलून ठेवत होते तेव्हाच. दादाला मागाहून विचारलं. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोनदा मी खोटं बोलले." अण्णा गॅलरीकडे बघत होते. "आणि कुंड्या. कुंड्या ठेवता आल्या असत्या. दहा-बारा तरी इथे मावल्या असत्या. हमाल विचारतही होते." पुढचं वाक्य आत कुठे होतं हे तिला ते बाहेर येईपर्यंत माहीत नव्हतं. "लोक ओढून नेत होते ना, तेव्हा मला बरं वाटलं, अण्णा. खूप बरं वाटलं. आंघोळ केल्यासारखं." तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. "तुमच्या डोक्यात ठिपका आहे म्हणून तुम्ही बोलत नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. त्या ठिपक्याने काही होत नाही. डॉक्टर म्हणाले होते."

ती स्टूल उचलून स्वयंपाकघरात गेली आणि त्यांच्यासाठी दूध गरम करायला ठेवलं. त्यांनी ते प्यायलं. त्या दिवशी काही झालं नाही, रविवारीही नाही.

सोमवारी तिची दुपारपाळी होती. सकाळी दहाच्या सुमारास ती गॅलरीत कुंड्यांवरची वाळलेली पानं वेचत होती. ऊन चढत होतं, पण गॅलरीत अजून सावली होती. मागून आवाज आला. "टोमॅटोची कुंडी जरा आत घेता का? दुपारचं ऊन सोसायचं नाही तिला, फूल गळेल."

ती गर्रकन वळली. अण्णा बोलले, अण्णा माझ्याशी बोलले, एवढंच एक दोन-तीन क्षण डोक्यात घुमत राहिलं, आणि मग त्या घुमण्याखालून तो एक शब्द वर आला. घेता का. घे नाही. घेतेस का नाही. तिने त्यांच्याकडे बघितलं. लहानपणापासून ती त्यांना अहो-जाहो करायची. ते तिला कधीच नाही, रागावले तरी नाही, तिच्या लग्नात पाहुण्यांसमोर नाही. ठिपका, तिला वाटलं. ठिपका वाढला. आणि त्या भीतीत कुठेतरी आशा होती, याची तिला त्याच क्षणी लाज वाटली.

"अण्णा," ती जवळ जाऊन खाली बसली. "मी कोण, अण्णा? ओळखलंत ना मला?"

अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे स्वच्छ होते, ओळखीचे होते, त्यांत रागाचा मागमूस नव्हता. "असं काय विचारता?" ते म्हणाले. "तुमच्याच घरात राहतो मी."

ती उठली. दोन्ही हातांनी कुंडी उचलली, छातीशी धरली, आणि आत आणून भिंतीपाशी ठेवली. "इथे?"

"जरा अलीकडे घ्या. हां. बास."

त्यानंतर अण्णा बोलू लागले. मावशीशी पूर्वीसारखेच, अगं-पोरी करत. मावशी एवढी खूश झाली की आल्यागेल्याला सांगत सुटली. दादाचा फोन आला तर फोनवर म्हणाले, काय रे, बायको कशी आहे? नंतर दादा तिला म्हणाला, "बोलायला लागले ना? मग झालं तर. उगाच घाबरली होतीस तू." तिच्याशीही बोलतात, रोज, झाडांबद्दल, कधी हवेबद्दल. चहा आवडला तर चहा चांगला झालाय म्हणतात. औषध दिलं तर आभार मानतात. एकदा तिने धीर करून म्हटलं, अण्णा, मला अगं म्हणा ना. ते जरासे ओशाळल्यासारखे झाले, काठीची मूठ चाचपली, आणि म्हणाले, "काय ते, जमत नाही आता." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच प्रयत्न करून बघितला होता, असं तिला वाटलं, आणि ते आणखी वाईट होतं. तिने पुन्हा विषय काढला नाही. दादाला सांगितलं नाही. काय सांगणार, मला तुम्ही म्हणतात?

थंडी सुरू होता होता पहिला टोमॅटो पिकला. लिंबाएवढा, एका बाजूला जरा पिवळसर. तिने तो देठासकट कात्रीने कापला, जसं अण्णांनी सांगितलं होतं, आणि धुऊन, पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला, देठाशी नाक नेलं, अंगठ्याने हलकेच दाबला. कितीतरी वेळ. मग दोन्ही हातांनी, ज्याची वस्तू त्याला द्यावी तसा, तिच्यापुढे केला.

"तुम्ही खा ना, अण्णा. तुमच्यामुळे आलाय."

"नाही," ते म्हणाले. "पहिलं फळ मालकाचं. बागेतही आम्ही कधी तोंडाला लावलं नाही."

तिने तिथेच उभ्याउभ्या तो खाल्ला. रस मनगटापर्यंत ओघळला. अण्णा बघत होते.

"गोड आहे," ती म्हणाली.

"नसणार," अण्णा म्हणाले. "ही जात आंबटच असते. तुम्हाला ठाऊक नसेल."